दुर्बिणीआधी माणसे नेमा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

विद्यापीठातल्या वेधशाळेसाठी निधी मागणारी फाइल आपल्यासमोर येईल तेव्हा दुर्बिणीच्या किमतीआधी तीत पदे किती आहेत ते पाहावे, ही कळकळीची विनंती.

आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणजे पुण्याचे जुने कॉलेज ऑफ सायन्स. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये ५००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि १८८८ मध्ये तिथे वेधशाळा उभी राहिली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती (आरशाची) दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वर्णपटांचा, म्हणजे प्रकाशातल्या रंगपट्ट्यांचा, अभ्यास केला; २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी जेऊरला तळ ठोकला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळेला कुलूप लागले. उपकरणे कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली.

हैदराबादच्या निझामिया वेधशाळेचे संचालक पोकॉक १९१८ मध्ये वारले, तेव्हा मात्र भास्करन यांनी सूत्रे घेतली. पुढच्याच वर्षी ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. आकाशाच्या उणे १७ ते उणे २३ अंशांच्या (खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या) पट्ट्यातल्या ताऱ्यांची सूची तिथे तडीस गेली.

वेधशाळेतली कामे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाहीत. आरशाचेच घ्या. तेव्हा काचेवर चांदीचा मुलामा असे आणि दमट हवेत तो काळवंडे. जुनी चांदी नायट्रिक आम्लाने उतरवायची, काच ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायची. मग नव्या मुलाम्यासाठी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात थेंबाथेंबाने अमोनिया. आधी तपकिरी साका धरतो. तो जेमतेम विरला की हात थांबला पाहिजे, अमोनिया जास्त झाला तर चांदी नीट बसत नाही. उरलेले द्रावण त्याच दिवशी निकामी करावे लागते, कारण ते साठवून ठेवले तर स्फोट होऊ शकतो. आता निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा थर चढवतात, तो वर्षानुवर्षे टिकतो. पण धूळ धुताना कापसाचा बोळा दाबून फिरवला की ओरखडे उठतात, आणि ते नवा थर देईपर्यंत जात नाहीत. पावसाळ्यात घुमट महिनोन्महिने बंद असतो. त्याचे रूळ आणि आरसा तेव्हाच बुरशी-गंजाने खराब होतात. त्या दिवसांत रोज फेरी मारणारे कुणी हवे.

म्हणून प्रत्येक प्रस्तावात पूर्णवेळ निरीक्षक-संशोधक आणि तंत्रज्ञ अशी किमान दोन कायम पदे असावीत, तीही विद्यापीठाच्या मंजूर आकृतिबंधात, म्हणजे कायम पदांच्या मंजूर यादीत. मुदतबंद योजनेत नकोत. निवृत्तीच्या वर्षभर आधी उत्तराधिकारी रुजू व्हावा. आरशाला नवा थर देण्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. ही पदे नसतील, तर दुर्बिणीची खरेदी मंजूर करू नये.

आपले नम्र,
वेधशाळांच्या कामाशी जोडलेले काही जण