जांभळाचं काय करायचं?

कराड, 9 जानेवारी

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. साखर होती तिथंच आहे.

लिहायचं कारण जांभूळ. काकूंनी लावलेलं. टण्याकडून कळण्याआधी मीच सांगतो.

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं घाटतंय. 10 किलोवॅट, पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे. सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 अनुदान, म्हणजे 1,80,000 तिथंच सुटतात. दारोदार फिरून सह्या मीच गोळा केल्या. पाटणजवळची मान्याचीवाडी, 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली ना, तीही सगळ्यांना दाखवून आणली. सौरग्राम बघायला डिझेल जाळत निघालोय, असं मी गाडीत म्हणालो, तेव्हापासून चेअरमन माझ्याशी बोलत नाहीत.

सभेत टण्या उठला. म्हणे, कोयना उशाशी असताना आपण कोळसा जाळतो कुठे? टाळ्या! मग मला शिकवणी घ्यावी लागली. कोयना 1,960 मेगावॅटची खरी, पण विजेसाठी पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसीच, त्यामुळे ती मुख्यतः मागणी चढते तेव्हा चालवतात. बाकी वेळ आपला पंप बराचसा तुमच्या चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्रांच्या जिवावर पाणी चढवतो. तुझं नाव घेतलं नाही. निम्म्या सभेला कळलंच.

एजन्सीचा माणूस गच्ची मोजायला आला आणि बघतच राहिला. जांभूळ नेमकं दक्षिणेला. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, तेव्हा सावलीचा त्रास नाही. पण आत्ता, हिवाळ्यात, भर दुपारी निम्म्या गच्चीवर सावली. पॅनेल एका माळेत जोडलेले. एकावर सावली पडली की अख्खी माळ मंदावते. म्हणाला, झाड काढा. असं म्हणाला जणू वाळत घातलेला टॉवेल काढायचाय. तोडायला नगरपालिकेची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे, म्हटलं; तर म्हणे, मिळते हो.

कोळसा वाचवायला झाड तोडायचं! तू तिकडे हसत असशील. हस. पण अर्जावर पहिली सही माझी असणार, आणि त्या झाडाला काकू कपडे धुतलेलं पाणी घालायच्या ते मी पाहिलंय. तिथून पडलास तेव्हा मी ढकललं नव्हतं, तुझी चप्पल सटकली होती, हे पुन्हा एकदा लिहून देतो. शर्टाचे डाग मात्र माझ्यामुळेच.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर. सावलीतलं पॅनेल तेवढं मागे पडेल, बाकीची चालतील. खर्च वाढतो, आणि वाढीव वर्गणी म्हटलं की आपले लोक गावाला जातात. मला सहाच किलोवॅट, तेही उत्तरेच्या अर्ध्या भागात बसवावेसे वाटतात. लिफ्टचं बिल थोडं येईल, येऊ दे. पण सभेत हे बोललो की टण्या म्हणणार, दिल्याच्या आईचं झाड म्हणून. खोटंही नाही ते.

मनूचा निकाल कळला, तिला शाब्बास सांग. बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

कोटेशन आणि गच्चीचा नकाशा सोबत पाठवतोय. तू वीजवाला आहेस, सावलीचा हिशोब नीट तपास आणि छोट्या इन्व्हर्टरचा दर खरा लावलाय का सांग. रविवारी सभा आहे, शनिवारी रात्रीपर्यंत फोन कर. झाडाबद्दल काय वाटतं तेही स्पष्ट सांग, 'तुम्ही ठरवा' म्हणू नकोस.

तुझा,
अव्या