ऊर्जा आराखडा प्रदेशवार मांडायला हवा

संपादक महोदय,

एखाद्या देशाचा ऊर्जा आराखडा जाहीर झाला की चर्चा एकूण आकड्यांचीच होते. सौर किती, पवन किती, कोळसा कधी कमी होणार. पण हे आकडे ज्या संगणकीय मॉडेलमधून निघतात, त्यात पुष्कळदा अख्खा देश एकच बिंदू धरलेला असतो. एका टोकाला तयार झालेली वीज दुसऱ्या टोकाला विनाअडथळा, विनाखर्च पोचते असे त्यात गृहीत असते, त्यामुळे उत्तर हमखास स्वस्त येते. प्रत्यक्षात काय होते ते जर्मनीत दिसते. तिथे वारा उत्तरेला, तर मोठे उद्योग बहुतांशी दक्षिणेला आणि पश्चिमेला. मधल्या वाहिन्या भरल्या की उत्तरेतल्या पवनचक्क्या थांबवून दक्षिणेकडची केंद्रे चालवावी लागतात. हा खर्च शेवटी ग्राहकांच्याच वीजबिलात येतो.

म्हणून मॉडेलमध्ये देशाचे प्रदेश पाडायला हवेत. ते पाडताना प्रशासकीय हद्दी जशाच्या तशा घेणे सोयीचे असते, कारण लोकसंख्या आणि उद्योगांची आकडेवारी त्याच हिशेबाने मिळते. मात्र हद्द जिथे वाहिन्या अपुऱ्या पडतात तिथे हवी. कोंडी प्रदेशाच्या पोटात गेली, तर मॉडेलच्या दृष्टीने ती उरतच नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती दोन प्रदेशांमधली वहनक्षमता ठरवताना. समजा, प्रत्येकी 600 मेगावॉटच्या दोन समांतर वाहिन्या आहेत. बेरीज 1200. पण वीज क्षमतेनुसार वाटली जात नाही, ती वाहिनीच्या विद्युत अवरोधानुसार वाटली जाते. दुसरीचा अवरोध पहिलीच्या दुप्पट असेल, तर पहिली 600 वर भरते तेव्हा दुसरीत फक्त 300 असतात. म्हणजे एकूण 900. त्यातली एक अचानक बंद पडली तरी उरलेलीने भार पेलला पाहिजे, हा नियम लावला की सुरक्षित क्षमता 600 च राहते. बेरजेच्या निम्मी!

वाऱ्याचेही तसेच. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. निम्म्या प्रदेशात 9 मीटर प्रतिसेकंद आणि निम्म्यात 3 असा वेग असेल, तर सरासरी 6 येते आणि तिचा घन 216. पवनचक्की मात्र 9 वेगाच्या कड्यावरच उभी राहणार, तिथे घन आहे 729. चक्कीच्या कमाल क्षमतेमुळे हा फरक थोडा घटतो, पण पुसला जात नाही. म्हणून आधी जंगल, वस्ती, तीव्र उतार वगळून उरलेल्या जागा प्रतीनुसार वेगळ्या कराव्यात आणि मगच सरासरी काढावी.

मागणी निव्वळ लोकसंख्येच्या प्रमाणात वाटू नये. पोलाद कारखाना आणि सिंचनाचे पंप लोकसंख्येमागे जात नाहीत. उपकेंद्रांवरच्या तासवार नोंदी हाच खरा आधार.

वर्षाचे तास 8760. प्रदेश 30 धरले, तर दर तासाला दर प्रदेशात वीज आणि मागणी जुळवणाऱ्या ताळेबंदाचीच 2,62,800 समीकरणे होतात. गणिताचा वेळ वाचवण्यासाठी मग वर्षाऐवजी मोजके 'नमुना दिवस' घेतले जातात. त्यात ढगाळ, बिनवाऱ्याचा सलग आठवडा सरासरीत विरून जातो, आणि साठवणुकीची खरी परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात असते. तडजोड करायचीच असेल, तर लागोपाठचे दोन-तीन तास एकत्र करावेत, पण वर्षाचा क्रम मोडू नये.

आमची मागणी एवढीच, की आराखड्यासोबत प्रदेशांचा नकाशा, प्रदेशांमधली गृहीत वहनक्षमता आणि तासवार मागणी खुली करावी. शिवाय हेच मॉडेल आधी सरलेल्या एखाद्या वर्षावर चालवावे. केंद्रे आणि वाहिन्या त्या वर्षी होत्या तेवढ्याच ठेवून निघालेली निर्मिती आणि वाहिन्यांतला प्रवाह प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहावा, आणि तफावत प्रदेशवार छापावी. देशाची बेरीज जुळूनही दोन शेजारी प्रदेशांच्या चुका एकमेकींना झाकत असू शकतात.

आपले,
ऊर्जा नियोजनाचे अभ्यासक