खुर्ची सोडून उन्हात उभे राहिलेल्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातील बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, आपली गाठ पडली तेव्हा आपण दुसऱ्या जिल्ह्याचा संघ घेऊन आला होतात आणि माझ्या मुलीसमोर, ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला, आपलीच विद्यार्थिनी उभी राहणार होती. तरीही आपण तिच्यासाठी जे केलेत ते आठवले की अजून घसा दाटून येतो. त्या दिवशी तोंडाने नीट आभारही मानता आले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

2000 मीटरची वैयक्तिक परस्युट, म्हणजे ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकदम सुटून एकमेकींना गाठण्याची शर्यत, दोन-तीन मिनिटांत आटोपते. एवढ्याशा शर्यतीसाठी आमच्या आधीच्या प्रशिक्षकांनी मुलीला वॉर्म-अप म्हणून आधी तासभर रोलरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या फिरत्या रुळांवर) घाम गाळायला, मधूनमधून पूर्ण ताकदीने स्प्रिंट मारायला आणि सुटल्याबरोबर तुटून पडायला शिकवले होते. शेवटच्या लॅपना तिचे पाय जड पडत, आणि मग 'पोरीत दमच नाही' असा निकाल तिच्या तोंडावर दिला जाई. तो देणाऱ्यांनी तिचे लॅपचे वेळ कधी कागदावर मांडून पाहिले नव्हते.

आपण मात्र तिला रोलरवर धापा टाकताना पाहिलेत, जवळ आलात आणि म्हणालात, "पुरे झालं बेटा, आता उतर." शर्यतीला अवकाश होता, ऊन चढले होते आणि त्या कोपऱ्यातल्या एकमेव सावलीत एकच खुर्ची होती, तीही आपली. ती आपण तिला दिलीत, आणि तिचे नाव पुकारले जाईपर्यंत स्वतः उन्हात उभे राहिलात. आमच्या संघाचे जबाबदार गृहस्थ त्या वेळी मंडपात पाहुण्यांच्या सत्कारात गुंतले होते. आपल्या वयाचा माणूस आपल्या नातीएवढ्या, त्यातही प्रतिस्पर्धी संघातल्या मुलीसाठी खुर्ची सोडतो, हे पाहूनच तिची निम्मी भीती गेली असावी.

त्या खुर्चीमागचे शास्त्र मला नंतर वाचून कळले. तापलेला स्नायू अधिक झपाट्याने आकुंचन पावतो, आणि शरीर आधीच जागे असले की सुरुवातीपासून प्राणवायूचा वापर लवकर वाढून पायांतली राखीव शक्ती वाचते. पण वॉर्म-अप फार लांबला किंवा फार जोरकस झाला, तर तीच राखीव शक्ती शर्यतीआधीच खर्च होते. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये 10 ट्रॅक स्प्रिंटरांवर केलेल्या प्रयोगात, जवळपास 50 मिनिटांच्या रूढ वॉर्म-अपपेक्षा पंधरा-सतरा मिनिटांच्या हलक्या वॉर्म-अपनंतर त्यांनी अधिक शक्ती लावल्याचे दिसले. तो प्रयोग स्प्रिंटचा होता, परस्युटचा नव्हे, हे खरे; पण थकलेले पाय कोणत्याही अंतराला थकलेलेच असतात.

वेगाच्या वाटणीबद्दल आपण एकच वाक्य बोललात: "पहिला अर्धा लॅप जोर लाव, मग सीटवर खाली बस आणि घड्याळाचा काटा हलू देऊ नकोस." म्हणजे पुढचा प्रत्येक लॅप सारख्याच वेळेत काढायचा. थांबलेल्या सायकलीला वेग द्यायला सुरुवातीचा जोर लागतोच, पण पुढे हवेचा विरोध हिशेब चुकता करून घेतो: वेग 10 टक्क्यांनी वाढवायचा तर हवा कापण्यासाठी सुमारे 33 टक्के जास्त शक्ती ओतावी लागते. म्हणून पहिल्या लॅपला उधळलेले काही क्षण शेवटी दामदुपटीने फेडावे लागतात. हे गणित वर्षानुवर्षे शिट्टी गळ्यात घालून हिंडणाऱ्यांना कोणी सांगितले नसेल, असे मला वाटत नाही. त्यांना विचारायचेच नव्हते.

माझी मुलगी त्या दिवशी आपल्या विद्यार्थिनीकडून हरली. पण तिचे शेवटचे लॅप मधल्या लॅपइतकेच वेगाने गेले, आणि उतरल्यावर ती पहिल्यांदाच रडली नाही. तिला जिंकवून देणारे पुढे कदाचित भेटतीलही. हरवणाऱ्या बाजूचा असूनही तिची काळजी घेणारा माणूस भेटणे दुर्मीळ, आणि खेळात सभ्यता उरली आहे ती अशा माणसांमुळेच, असे माझे प्रामाणिक मत आहे.

एक विनंती आहे. आमच्या मिरजेत सकाळी सरावाला येणारी आणखी काही मुले-मुली आहेत, आणि त्यांतली बरीच अजूनही शर्यतीआधीच दमून घेतात. सवडीने एखाद्या रविवारी आपण यावे. येण्याजाण्याची व जेवणाची सोय आम्ही करू.

आपला ऋणी,
एका सायकलपटू मुलीचा बाप