पोतनिसांची पोर खजिन्यात

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "धाकटीला बँकेच्या ट्रेझरीत घेतलंय." मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि मग एकदम लख्ख झालं. अरे, पोतनिसांची पोर खजिन्यात बसली! तीही सयाजीरावांनी १९०८ साली आपल्या बडोद्यात काढलेल्या बँकेच्या. रात्री झोप लागेना, म्हणून सकाळीच कागद घेतला.

पोते म्हणजे सरकारी खजिना. पोतदार नाणं पारखायचा, पोतनीस जमाखर्च लिहायचा. त्यातला 'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. माझं चिटणीसही त्याच कुळीतलं. चिठ्ठ्यापत्रं लिहिणारा तो चिटणीस. शाळेत आपण एका बाकावर बसायचो, हजेरीला लागोपाठ नाही तरी एकाच दमात 'हजर' म्हणायचो, पण या हाका एके काळच्या नेमणुका होत्या हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

नाव आणि काम जुळलं की लोक योगायोग म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे काम आधी आलं, नाव त्याच्या मागून. नाना फडणवीस मूळचे बाळाजी जनार्दन भानू. फडणिशीपुढे, म्हणजे दफ्तराच्या हिशेबाच्या त्या कामापुढे, 'भानू' कुणाला आठवतं? शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. पुढे घराणंच चिटणीस झालं आणि त्याच घराण्यातल्या मल्हार रामरावांनी महाराजांची बखर लिहिली. लेखणीनं मिळालेलं नाव पिढ्यांनंतरही लेखणीपाशीच होतं. हे आठवलं की माझा ऊर भरून येतो.

परदेशात हाच प्रश्न उलट्या टोकाने विचारतात: नावामुळे माणूस त्या धंद्याकडे ओढला जातो का? १९९४ मध्ये 'न्यू सायंटिस्ट'ने त्याला 'नॉमिनेटिव्ह डिटरमिनिझम' असं भारदस्त नावही दिलं. इंग्लंडचे एक सरन्यायाधीश आडनावाने 'जज'च होते. २००२ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी डेनिस नावाचे डेंटिस्ट अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं दाखवलं. २०११ मध्ये उरी सायमनसन या संशोधकाने पुन्हा तपासलं, तर वकिलांतही डेनिस जास्तच निघाले. त्या पिढीत ते नावच फार ठेवलं जायचं. मला सायमनसन बरोबर वाटतात.

आपल्या गावाची एक गोष्ट मात्र मी निव्वळ योगायोग म्हणूनच जिवापाड जपतो. गाईंना कवाडाआड आसरा दिला म्हणून गायकवाड, अशी घराण्याची कथा. १८७५ मध्ये त्या गादीवर दत्तक म्हणून आला नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा पोर. त्याचं नाव गोपाळ! गाईंच्या कवाडाला गोपाळ मिळाला, आणि आपण त्याला सयाजीराव म्हणून ओळखतो.

गुजराती शेजाऱ्यांकडेही हीच नामावळी आहे. आपला महसुलाचा हिशेब पाहणारा मुजुमदार तो त्यांचा मजमुदार, आपला पोतदार तो त्यांचा पारेख. मागच्या आठवड्यात हिची जुनी पाटली मोडायला मांडवीजवळच्या एका चोकसींच्या पेढीवर गेलो होतो. चोकसी म्हणजे सोन्याचा कस पाहणारा. पेढीवरच्या तरुण मुलाने कसोटीवर पाटली घासली, रेघेकडे बराच वेळ पाहिलं, मग यंत्रातही तपासली. आकडा तोच आला. मी म्हटलं, "यंत्र आहे तर दगड कशाला?" तो म्हणाला, "काका, चोकसाई तो जोईए ने!" चोकसाई म्हणजे काटेकोरपणा, हे तुला सांगायला नको. आडनावच बोललं रे त्याच्या तोंडून. हिने पाटली मोडली नाही, तो भाग वेगळा.

तुमच्या माळ्यावर आजोबांची लाकडी पेटी होती, तीत मोडीतल्या हिशेबाच्या वह्या. लहानपणी आपण त्यांच्यावर पतंगाची खळ कालवली होती, आणि आजोबा रागावले नाहीत, नुसते गप्प झाले. ते गप्प होणं मला आत्ता या वयात कळतंय. उरलेल्या वह्या टाकल्या नाहीस ना? त्यातली एक धाकटीला दे. तिला मोडी वाचता येणार नाही, पण मी शिकतोय. सुट्टीत ती इकडे आली की दोघं मिळून पहिलं पान लावू.

आणि तिच्या टेबलावर नावाची पाटी असेल, तर तिचा फोटो आठवणीने पाठव.

तुझा,
चिटणीस