हिरवं दिसलं तरी घासू नकोस

नागपूर,
१९ जुलै

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

परवा मी फोन मध्येच ठेवला, ते चुकलं माझं. आई तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलून राहिली आहे. "आबांच्या दोन नाण्यांवर हिरवं आलंय, एक लिंबू-मिठानं घासून बघितलं, मस्त चकाकलं," एवढंच तू म्हणालीस आणि माझा तोल गेला. तू विचारायला फोन केला होतास, आणि मी ओरडत बसलो. फोनवर जे शांतपणे सांगायला हवं होतं ते आता लिहितो.

आधी घासलेल्या नाण्याचं. चकाकली ती मराठेशाहीतली शिवराईच ना? तांब्यावर दीड-दोनशे वर्षांत जो तपकिरी थर बसतो तो मळ नसतो, ती त्याची कातडी असते. लिंबाच्या आम्लानं ती सोलली गेली आणि खालचं गुलाबी तांबं उघडं पडलं. ते एक वेळ चालेल, काही वर्षांत रंग परत चढतो. खरा घोळ मिठाचा आहे. मीठ म्हणजे क्लोराइड, आणि तांब्याला क्लोराइडइतका वाईट शेजारी नाही. नाण्याच्या बारीक छिद्रांत ते शिरलं की दमट हवा मिळेल तेव्हा आम्ल तयार होतं, आम्ल तांबं खातं, त्यातून पुन्हा आम्ल. हे चक्र आपणहून थांबत नाही.

म्हणून आजच ती शिवराई काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेव. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच पाणी, सीलबंद बाटली आण. नळाचं नको, आरओचंही नको. रोज पाणी बदल, सात-आठ दिवस. मग बाहेर काढून मऊ सुती कापडावर ठेव आणि वरून दुसरं कापड नुसतं टेकव. पुसू नकोस. शेवटी शुद्ध ॲसिटोनमध्ये मिनिटभर बुडवलीस की छिद्रांतलं उरलेलं पाणी निघून जाईल. "श्री राजा शिव" मधलं 'जा' आधीच अर्धं झिजलेलं होतं, ते आणखी गेलं का तेवढं बघून सांग. नाही, राहू दे. सांगू नकोस.

दुसऱ्या नाण्याला मात्र हात लावू नकोस. हिरवं तीन तऱ्हेचं असतं. भिंग घे, दिव्याखाली धर आणि लाकडी टूथपिकच्या टोकानं हलकेच टोचून बघ.

टोक घसरलं, हिरवं कडक, गडद आणि गुळगुळीत लागलं, तर तो जुना थर आहे. त्यानं नाण्याचं रक्षणच होतं, तसाच ठेव.

टोकाला चिकट, पोपटी, शेवाळासारखं काही लागलं तर दोष पाकिटाचा. मऊ, वाकणारी, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पाकिटं पीव्हीसीची असतात. त्यांना मऊ ठेवायला घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि प्लास्टिक कुजताना आम्ल सुटतं. ते ॲसिटोननं निघतं. रसायनांच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आण, नेलपॉलिश काढायचं नको, त्यात रंग-सुगंध असतात. काचेच्या वाटीत नाणं बुडेल एवढं घे, दहा मिनिटं ठेव, उलटव, आणखी दहा मिनिटं. मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये खळखळ आणि कापडावर आपोआप वाळू दे. खिडकी उघडी हवी. गॅस बंद हवा, देवासमोरचा दिवासुद्धा विझलेला हवा, कारण ॲसिटोनची वाफ लांबूनही पेट घेते. हे अगदी मनावर घे.

आणि फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी असेल, झटकली तरी चार दिवसांत तिथंच परत येत असेल, खाली बारीक खड्डा दिसत असेल, तर तो नाण्याचा आजार आहे. आधी सांगितलेलं क्लोराइडचं चक्र ते हेच. ते नाणं लगेच वेगळ्या डब्यात टाक, सोबत ओल शोषणारं भरपूर सिलिका जेल, आतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. कोरड्यात तो झोपतो, दमट झालं की उठतो. पुढचे उपचार जाणकारानं करायचे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, आपल्याकडे नागपुरात अजब बंगला, म्हणजे संग्रहालय आहे. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये, दोघं मिळून कुणाला दाखवायचं ते बघू. तोवर घासायचं नाही.

परत तेच म्हणालो. आता नाही म्हणणार.

मनू, इथं नाणी इतकी वर्षं टिकली त्यात माझी हुशारी कमी आणि नागपूरच्या हवेचा वाटा मोठा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. फक्त कूलर लावला की मी नाण्यांचं कपाट आतल्या खोलीत सरकवायचो, कारण वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते. तू लहानपणी त्या सरकवलेल्या कपाटामागे लपायचीस आणि आबा मुद्दाम तुला सगळीकडे शोधायचे, तिथं सोडून. रत्नागिरीचं गणितच वेगळं. पावसाळ्यात तिथं आर्द्रता ८५-९० टक्के, वर समुद्राची खारी हवा, म्हणजे पुन्हा मीठ. तुझी बदली झाली तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. तुझ्या प्रमोशनच्या आनंदात डबा हातात दिला आणि बाकी काही सुचलंच नाही.

तर आता डबा. पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा, झाकणाला सिलिकॉनची रिंग आणि चारही बाजूंनी क्लिपा असलेला, १० लिटरचा घे. त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल सुती पिशवीत, नाण्यांना न टेकता. केशरी मण्यांचं घे. निळ्या मण्यांत कोबाल्ट असतं, ते घरात नको. केशरी मणी हिरवट झाले की पिशवीतून काढून ओटीजी ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापव आणि बंद बरणीत गार करून परत भर. जुलै-ऑगस्टमध्ये दर दोन आठवड्यांनी बघावं लागेल.

आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेव, पण तो खरं सांगतो का ते आधी तपास. बाटलीच्या झाकणात मीठ घे, थेंब-थेंब पाणी घालून ओला गोळा कर आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेव. सकाळी ७५ दिसायला हवं. ७१ दिसलं तर पुढे दर वेळी चार मिळवून वाच. मीठ वापरायचं ते एवढ्याच कामाला, आणि तेही नाण्यांपासून दूर, दुसऱ्या खोलीत. डब्यातला आकडा ४० च्या आसपास हवा, ५० च्या वर कधीच नाही.

पीव्हीसीची सगळी पाकिटं फेकून दे. पुठ्ठ्याचे दोन बाय दोन इंची होल्डर घे, मायलर नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेले. नंबर आणि माहिती आधी पुठ्ठ्यावर लिही, मग नाणं आत ठेव, मग स्टेपल मार. स्टेपलची पाठ पक्कडीनं चपटी केलीच पाहिजे, नाहीतर ती शेजारच्या नाण्यावर ओरखडे पाडते. चांदीची चांगली नाणी कडक ॲक्रिलिकच्या कॅप्सूलमध्ये, नाण्याच्या मापाच्याच. सैल असली तर नाणं आत हलून झिजतं. रबर बँड, वर्तमानपत्र, लोकर यांतल्या गंधकानं चांदी काळी पडते. आबांचा मखमली डबा आठवण म्हणून वेगळा ठेव, रिकामा. तांबं, चांदी आणि पत्र्याचे पैसे एकमेकांना टेकू देऊ नकोस, ओल मिळाली की दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया सुरू होते.

डब्याची जागा: देवघरात नाही, उदबत्तीचा धूर आणि कापूर. कपड्यांच्या कपाटात नाही, डांबरगोळ्या. नव्या प्लायवुडच्या वॉर्डरोबमध्येही नाही, त्यातून आम्लाची वाफ बरीच वर्षं सुटत राहते. पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकून नाही. एसीच्या खोलीतून बाहेर आणलास तर लगेच उघडू नकोस, गार नाण्यावर दव धरतं. एक दिवस तसाच बंद राहू दे.

नाणं हाताळताना साबणानं हात धुऊन, कोरडे करून, फक्त कडेनं धरायचं, खाली जाड टॉवेल. आणि नाण्यावर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा दिसणारही नाही एवढा थेंब तांब्यावर काळा ठिपका सोडतो.

१९११ चा रुपया काढलास तर पंचम जॉर्ज राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती भिंगातून बघ. आखूड सोंडेमुळे तो डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांत असंतोष पसरला आणि १९१२ मध्ये नक्षी बदलावी लागली. सहा वर्षांची असताना कुणी न सांगता तू "हे डुक्कर आहे" म्हणाली होतीस. आबांनी महाल भागातल्या आपल्या घरी येईल त्याला ते सांगितलं. त्या हत्तीवर अजून टाकसाळीची झळाळी आहे. टूथपेस्टनं एकदा चोळलं की ती गेली, परत येत नाही. लक्ष्मीपूजनाला तू पंचामृत आणि हळद-कुंकू वाहशील, वाहायलाच हवं, पण त्यासाठी मी सराफाकडून चांदीचं नवं नाणं आणून ठेवलं आहे. पूजेत तेच मांड.

हा रुपया आणि भोसल्यांचे रुपये लॉकरमध्ये गेले तर मला झोप लागेल. तू बँकेत आहेस, तुला नियम माझ्याहून जास्त ठाऊक. तरी लिहितो: आग, चोरी, इमारत पडणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं ३,००० असेल तर तीन लाख. पुराच्या पाण्याची जबाबदारी बँकेवर नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून इथं तळघरांत पाणी शिरलं होतं, आठवतं ना? म्हणून तळघरातला लॉकर नको आणि सर्वांत खालची रांगही नको. तिथंही नाणी हवाबंद डब्यातच, पावसाळ्याआधी आणि नंतर जेल बदलून. विम्याचं एजंटाच्या तोंडी शब्दावर सोडू नकोस. नाण्यांची यादी किमतीसह पॉलिसीत लिहून घेतील का, ते लेखी विचार.

यादी आबांच्या वहीत आहे, पण फोटो नाहीत. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो, ०.०१ ग्रॅमपर्यंतचं वजन, व्यास. जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला थोडा कमी भरेल. एक प्रत माझ्याकडे पाठव. घरच्या ग्रुपवर मात्र टाकू नकोस.

दादा दुबईला चार नाणी मागतोय. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही. त्याला मी सांगतो, तू वाईटपणा घेऊ नकोस.

लिहिता लिहिता किती झालं. उपदेश करायचा नव्हता. मला भीती एकाच गोष्टीची वाटते, की मी ओरडलो म्हणून पुढच्या वेळी नाण्यावर काही दिसलं तर तू मला सांगणार नाहीस आणि एकटीच घासत बसशील. घासलंस तरी सांग. रात्री अकराला कर फोन, मी जागाच असतो.

जेल, मापक आणि शंभर होल्डर उद्या कुरियरनं निघतील. आईनं त्यातच तिळाची चटणी घातली आहे, ती आधी बाहेर काढ, तिच्यात मीठ आहे.

तुझा,
बाबा