चि. बाळ यास

ता. ११ जून १९४४

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड परवा पोचलं. तब्येत ठीक आहे, आता काही दिवस पत्र यायचं नाही, काळजी करू नये. एवढंच. खाली पलटणीचा नंबर, गावाचं नाव नाही. माईने तीनदा वाचून घेतलं आणि विचारलं, पत्र का यायचं नाही? कामात असेल, म्हटलं. पण पहिल्या लढाईत तुझा काका इराकात बसऱ्याला निघाला तेव्हाही असंच कार्ड आलं होतं. तुम्हाला जहाजावर चढवणार.

बाळ, तुला पोहता येत नाही.

हे लिहायचंच नाही असं ठरवून बसलो होतो. असो. घरचं लिहितो.

मिरगाचा पाऊस चांगला झाला. रॉकेल मिळत नाही म्हणून दिवसाउजेडीच लिहायला बसलोय. जावा जपान्यांच्या हाती गेल्यापासून क्विनाइन दिसेनासं झालंय. वर्गातली निम्मी पोरं तापाने घरी आहेत. तांबं लढाईला लागतं म्हणून नव्या पैशाला मधोमध भोक पाडलंय. माईने तसले दोन पैसे दोऱ्यात ओवून तुझ्या फोटोला अडकवलेत. शाळेचं घड्याळ सरकारी हुकमाने १९४२ च्या सप्टेंबरपासून तासभर पुढे आहे. कुणी वेळ विचारली की आधी आपणच विचारायचं, जुना टाइम की नवा? तुझी आई अजून सूर्याकडे बघूनच चूल पेटवते.

अक्का गिरगावात सुखरूप आहे. मुंबईत गेल्या वर्षीच्या मेपासून रेशनिंग आहे. तांदूळ मोजून मिळतो. रंगून पडल्यापासून ब्रह्मदेशचा तांदूळ बंदच. १४ एप्रिलला, शुक्रवारी, गोदीत स्फोट झाला तेव्हा ती धान्याच्या रांगेत उभी होती. चार वाजून गेले होते. पहिल्या धमाक्याने पिशवी हातातून पडली, ती उचलून घरी पोचते तोवर दुसरा. आम्हाला तिच्या पत्रातूनच कळलं. वर्तमानपत्रांत यायला मे उजाडला. ज्या जहाजात स्फोट झाला ते लढाईत नव्हतं रे. धक्क्याला बांधून उभं होतं, पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र. बंदरात उभ्या जहाजाची ही गत, मग भर समुद्रात...

पुन्हा तिथेच आलो.

जहाजावर बुचाचा पट्टा देतात म्हणे. खालच्या आळीतले पेन्शनर सुभेदार सांगत होते. तो अंगावरून काढू नकोस. उकडतंय, गळ्याला काचतंय, बाकीचे हसताहेत, काही असो. झोपताना उशाशी ठेव. वर डेकवर जागा मिळाली तर तिथेच पथारी टाक. मी शाळामास्तर, समुद्र पाहिलाय तो चौपाटीवरून, आणि पलटणीतल्या शिपायाला शिकवतोय. माफ कर.

त्या दिवशी ओट्यावर मी तुला बोललो ते मनात ठेवू नकोस. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने हिंदुस्थान लढाईत उतरल्याचं जाहीर केलं, आपल्या एकाही पुढाऱ्याला विचारलं नाही. दोन महिन्यांत मुंबई प्रांतातलं खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं. ज्या लढाईत आपल्याला न विचारता ओढलं तिच्यात आपल्या पोराने आपण होऊन का जावं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. थोरल्याने जो रस्ता धरला त्याबद्दल इथे लिहीत नाही. हे पत्र वाटेत उघडलं जाणार. तो बरा आहे एवढं कळतं. एक पोरगा सरकारच्या वर्दीत आणि दुसरा... तुमची आई दोघांसाठी एकाच देवापुढे दिवा लावते.

पण आफ्रिकेत, केरनच्या डोंगरावर, इटालियनांशी लढताना मराठ्यांनी काय केलं ते १९४१ मध्ये मीच वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आणि वाचताना गळा दाटला होता. बेळगावहून तू पहिल्यांदा रजेवर आलास, वर्दीत चावडीवरून चालत आलास, तेव्हा मी शाळेच्या खिडकीत उभा होतो. तुला सांगितलं नाही. पोरांना पाढे म्हणायला लावून मी नुसता बघत होतो.

त्याच चावडीच्या भिंतीत पहिल्या लढाईची संगमरवरी पाटी आहे. गावातून किती गेले, किती मेले, एवढे दोन आकडे. नाव एकाचंही नाही. काका त्या दुसऱ्या आकड्यात आहे. २९ एप्रिल १९१६ ला इराकातल्या कुतला आपली फौज तुर्कांना शरण गेली, त्यानंतर त्याचं काही कळलं नाही. आजी मरेपर्यंत पोस्टमनला पाणी विचारायची.

तू आठ वर्षांचा होतास. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून विहिरीत छान हातपाय मारायचास. तिसऱ्या दिवशी मीच बिंडा सोडला. अण्णा म्हणत होते, आणखी आठवडा जाऊ दे. मला घाई. तू सरळ खाली गेलास. वर काढलं तेव्हा ओठ निळे पडले होते, आणि रडलासुद्धा नाहीस, नुसता माझ्याकडे बघत राहिलास. त्यानंतर तू विहिरीच्या पायरीवर कधी उतरला नाहीस आणि मीही आग्रह धरला नाही. तो धरायला हवा होता. चार वर्षं हातात होती, दहा वर्षं होती.

तुझ्या मनीऑर्डरी पोचतात. मी त्यातली पै खर्चलेली नाही; आल्यावर शेताचं बघू. रोम घेतल्याचं आणि फ्रान्समध्ये फौजा उतरल्याचं वाचलं. तुम्हाला तिकडे नेणार की ब्रह्मदेशाकडे, ते विचारत नाही. उतरलास की नुसतं ‘पोचलो’ लिही. बाकी कोरं असलं तरी चालेल.

तुझे
आबा

ता. क. तो बिंडा अजून मोटेच्या खोपीत आहे. एका अंगाने किडलाय. काल संध्याकाळी पाण्यात टाकून पाहिला. तरंगतो. माईला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही लिहू नकोस.