उजेडाच्या इलाजाची बातमी अर्धीच का छापली?

मा. संपादक साहेब,

परवा आरोग्याच्या पानावर 'आता प्रोस्टेटला ऑपरेशन नको, उजेडाने इलाज' असं छापलंत. माझं मेडिकल आहे, काल सकाळपासून लोक कात्रण घेऊन काउंटरवर येताहेत, हे औषध मागवून द्या म्हणून.

पण मला खरा राग आला तो अण्णांमुळे. माझे मोठे भाऊ, केळीचे शेतकरी. प्रोस्टेट वाढलं, लघवी तुंबली म्हणून नळी टाकलीय, तुकडा तपासला त्यात कॅन्सर निघाला नाही, दुर्बिणीच्या ऑपरेशनला घरच्यांनी कसंबसं तयार केलं होतं आणि तुमचा पेपर वाचून म्हणतात मी थांबतो, लाईटवालं येऊ द्या. वहिनी रडकुंडीला आल्यात. नळीतून इन्फेक्शन झालं तर काय करायचं?

अहो, ते औषध नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटचं नाहीच! पॅडेलिपोर्फिन असं त्याचं नाव, ते शिरेतून देतात, मग ग्रंथीत बारीक फायबर घालून लेझरचा उजेड सोडतात, त्या उजेडाने औषध काम करतं, तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडतात आणि गाठ मरते. म्हणजे भूल आली, सुया आल्या. युरोपात 2017 ला परवानगी मिळाली ती कमी धोक्याच्या, एकाच बाजूला असलेल्या कॅन्सरसाठी, ज्यात डॉक्टर बऱ्याचदा नुसती देखरेख ठेवू म्हणतात. 413 पुरुषांच्या अभ्यासात दोन वर्षांत हे औषध घेतलेल्यांपैकी 28 टक्के लोकांचा आजार वाढला, नुसत्या देखरेखीवर होते त्यांच्यात 58 टक्के. हे चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण 2020 मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएच्या सल्लागार समितीने 13 विरुद्ध 2 मतांनी नको म्हटलं, ते का गाळलं?

मूत्राशयाचं तर एका ओळीत उरकलंत. त्याच्या कॅन्सरसाठी फोटोफ्रिन या उजेडानेच काम करणाऱ्या दुसऱ्या औषधाला कॅनडात 1993 लाच मंजुरी मिळालीय, त्यात नवीन काय? ते घेतल्यावर निदान महिनाभर ऊन टाळावं लागतं, कातडी भाजते. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा 45 च्या वर जातो, बागेत राबणाऱ्या माणसाला हे आधी सांगायला नको का?

त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खुलासा छापा. कॅन्सर नसलेल्यांनी ठरलेलं ऑपरेशन थांबवू नये एवढं तरी लिहा, म्हणजे मला अण्णांपुढे ठेवता येईल, माझं ते ऐकत नाहीत, पेपरचं ऐकतात.

आणि आरोग्याचं पान काढताच आहात तर आमच्या तालुक्याच्या स्टँडवरच्या मुतारीचंही लिहा, कायम कुलूप असतं. म्हातारी माणसं जळगावला तपासणीला जायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत, अण्णाही नळी लागायच्या आधी असंच करायचे. यावर मी मागेही पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही छापलं नाही.

— एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव